अण्णांना मंडालेला जायचं होतं

आमचे अण्णा ७९ वर्षांचे. पार्ल्याच्या टिळक मंदिरात संध्याकाळी पेपर वाचायला जाणं हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. एक दिवस तिथून परतताना कुणीतरी वाटेत हातात ठेवलेलं पत्रक घेऊन घरी आले आणि चहा घ्यायच्या आधीच माझ्यासमोर ठेवलं. 'लोकमान्यांच्या मंडालेचं दर्शन. ८ रात्री, ९ दिवस. मराठमोळं शाकाहारी जेवण. प्रवास विमा समाविष्ट.'

अण्णांचा चेहरा बघून मला नाही म्हणवेना. २२ जुलै १९०८ ला मुंबई हायकोर्टात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, ब्रह्मदेशातल्या, म्हणजे आजच्या म्यानमारमधल्या, मंडालेच्या किल्ल्यातल्या तुरुंगात त्यांनी गीतारहस्य लिहिलं आणि जून १९१४ मध्ये ते सुटले, हे आमच्या घरात तोंडपाठ आहे. मी लहान असताना अण्णा मला हायकोर्टात घेऊन गेले होते, टिळकांचे शब्द कोरलेली ती पाटी दाखवायला. ('मिठाई नाही, राणीचा बाग नाही, सुट्टीत कोर्ट!' हे आई शेवटपर्यंत ऐकवायची.)

पण पत्रकावरच्या शेवटच्या तीन शब्दांवर माझी नजर अडकली. मी ३१ वर्षं फोर्टात एका विमा कंपनीच्या क्लेम खात्यात काढली आहेत. 'समाविष्ट' हा शब्द दिसला की मला आधी पॉलिसीचं मागचं पान बघायचं असतं.

मागवून घेतली. आशिया खंडाची नेहमीचीच ग्रुप पॉलिसी. प्रीमियम इतका किरकोळ की पार्ले ते मंडाले सोडा, पार्ले ते पुणे टॅक्सीही होणार नाही. आत ठळक अक्षरांत हॉस्पिटलचा खर्च, सामान हरवणं, पासपोर्ट हरवणं, विमान लेट. आणि मागच्या पानावर, जनरल एक्स्क्लूजनमध्ये, म्हणजे कशाकशाचे पैसे मिळणार नाहीत त्या यादीत, ते जुनं ओळखीचं वाक्य: युद्ध, आक्रमण, परकीय शत्रूची कृती, यादवी, बंड, क्रांती, उठाव, 'मिलिटरी ऑर युजर्प्ड पॉवर', म्हणजे लष्करी किंवा बळकावलेली सत्ता, यामुळे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष झालेलं नुकसान कंपनी देणार नाही.

'प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष'. आमच्या खात्यात या तीन शब्दांवर कितीतरी फाइली बंद झाल्या.

हे वाक्य फार म्हातारं आहे. १७६७ साली इंग्लंडात यावर खटला झाला होता. नॉर्विच गावात धान्य महाग झालं म्हणून जमाव उठला आणि एकाचा माल्टचा कारखाना जाळला. विमा कंपनी म्हणाली, ही बळकावलेली सत्ता, पैसे नाहीत. कोर्ट म्हणालं, महागाईनं चिडलेला जमाव म्हणजे बळकावलेली सत्ता नव्हे, राज्य उलथवायला उठलेले लोक म्हणजे ती. मालकाला पैसे मिळाले. नोकरीला लागले तेव्हा एका सीनिअरनं मला हा किस्सा सांगितला होता. तेव्हा मजेचा वाटला. म्यानमारच्या बाबतीत मात्र कोर्टालाही फार डोकं खाजवावं लागणार नाही. १ फेब्रुवारी २०२१ ला पहाटे लष्करानं निवडणूक जिंकलेल्या पक्षाच्या नेत्या आँग सान सू ची यांना अटक केली, नोव्हेंबर २०२० ची निवडणूक रद्द ठरवली आणि मिन आँग ह्लाइंग या सेनापतीनं देश ताब्यात घेतला. बळकावलेली सत्ता म्हणजे काय हे नवशिक्याला शिकवायचं असेल तर मी हेच उदाहरण देईन.

टूरवाल्यांना फोन केला. गोड बोलणारा मुलगा होता. म्हणाला, 'मॅडम, ते जुनं झालं. २०२५ मध्ये जुलैअखेर इमर्जन्सी उठली, डिसेंबरपासून इलेक्शनही झालं. आता नॉर्मल आहे.' इलेक्शन झालं हे खरं. पण २०२० ला जिंकलेला सू ची यांचा पक्ष २०२३ मध्येच बरखास्त केलेला होता, त्यामुळे मतपत्रिकेवर तो नव्हताच. आणि देशाच्या मोठ्या भागात लढाई चालू असल्यानं तिथं मतदान झालंच नाही. पॉलिसीतलं ते वाक्य मतदान झालं का हे विचारत नाही, लढाई चालू आहे का एवढंच विचारतं.

इथं मला माझं एक जुनं पाप सांगायचं आहे. मे २०१४. थायलंडमध्ये २० तारखेला मार्शल लॉ लागला, २२ ला जनरल प्रयुथ चान ओचा यांनी सत्ता घेतली, रात्री १० ते पहाटे ५ कर्फ्यू. आमच्याकडे मुलुंडच्या एका नव्या जोडप्याचा क्लेम आला. हनिमूनची पट्टायाची ट्रिप घाबरून रद्द केलेली. विमान उडत होतं, म्हणून एअरलाइन पैसे देईना. हॉटेल उघडं होतं, म्हणून हॉटेल देईना. राहिलो आम्ही. ट्रिप कॅन्सलेशनसाठी पॉलिसीत कारणांची यादी असते: स्वतःचं किंवा जवळच्या नातेवाइकाचं निधन, हॉस्पिटलात भरती वगैरे. 'टीव्हीवर रणगाडे दिसले म्हणून पोटात गोळा आला' हे कारण यादीत नव्हतं. क्लेम रिप्युडिएट झाला, म्हणजे फेटाळला. नोटिंग माझ्याच अक्षरात आहे.

आणि थायलंडात खरंच पर्यटकाच्या केसालाही धक्का लागला नाही. जूनच्या पहिल्याच आठवड्यात पट्टाया, फुकेतचा कर्फ्यू उठला. लष्करानं लोकांना 'आनंद परत' द्यायचा म्हणून रस्त्यावर फुकट जेवण वाटलं, फुकट केस कापून दिले, प्रयुथसाहेबांनी स्वतः एक गाणंही लिहिलं. पण मार्शल लॉ आहे म्हटल्यावर बाहेरच्या कितीतरी विमा कंपन्यांनी हात वर केले. तेव्हा थाई पर्यटन खात्यानंच 'थायलंड ट्रॅव्हल शील्ड' नावाचा विमा काढला. ज्या सरकारमुळे विमा मिळेना, त्याच सरकारनं विमा विकला! मार्शल लॉ उठला १ एप्रिल २०१५ ला. ते मुलुंडचं जोडपं आता मुलाबाळांत असेल. कधी कधी आठवतात.

म्हणजे बघा, थायलंडात धोका नव्हता आणि विमाही नव्हता. मंडालेत धोका आहे, आणि विमा पत्रकावर आहे.

फेसबुकवर असं काही लिहिलं की लगेच कुणीतरी विचारतं, 'मग काय, बॉम्ब पडला तरच प्रॉब्लेम ना? बाकी आजारपण तर कव्हर आहे.' बरोबर आहे, कागदावर आहे. अण्णा हॉटेलच्या बाथरूममध्ये पडले आणि खुब्याचं हाड मोडलं, तर त्याचा लष्कराशी काही संबंध नाही. क्लेम पास व्हायला हवा. आता पुढचं बघू.

पहिलं म्हणजे हॉस्पिटल. २०२१ मध्ये लष्करानं सत्ता घेतल्यावर दोनच दिवसांत सरकारी डॉक्टर आणि नर्स संपावर गेले. त्या आंदोलनात मंडालेचं जनरल हॉस्पिटल पुढे होतं. नंतर त्या संपकऱ्यांना कामावर ठेवलं म्हणून खासगी हॉस्पिटलांचे परवाने काढून घेतले. त्यावर २८ मार्च २०२५ चा ७.७ तीव्रतेचा भूकंप, ज्याचं केंद्र मंडालेजवळच. आपल्या लष्करानं ऑपरेशन ब्रह्मा या मदतमोहिमेत तिथं जाऊन फील्ड हॉस्पिटल उभारलं होतं. जिथं पाहुण्या देशाला हॉस्पिटल उभं करावं लागतं तिथं ७९ वर्षांच्या माणसाचा खुबा बदलायचा!

मग पैसे. कॅशलेस म्हणजे काय, तर आपली असिस्टन्स कंपनी तिथल्या हॉस्पिटलला पैशाची हमी पाठवते. ऑक्टोबर २०२२ मध्ये एफएटीएफनं, म्हणजे काळ्या पैशावर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं, म्यानमारला काळ्या यादीत टाकलं. तेव्हापासून तिथल्या बँकेशी व्यवहार म्हटला की बाहेरच्या बँका दहा प्रश्न विचारतात. शिवाय बऱ्याच पॉलिसींत सँक्शन्सचं कलम असतं: पैसे दिल्यानं निर्बंध मोडत असतील तर कंपनी देणार नाही. म्हणजे हॉस्पिटल रोख मागणार, तुम्ही भरणार, आणि बिल घेऊन मुंबईत येऊन रीइम्बर्समेंट मागणार. त्यात चलनाचा सरकारी दर एक आणि बाजारातला दर वेगळाच. बिल बर्मी भाषेत, रक्कम चॅट या तिथल्या चलनात. आमच्या खात्यात असं बिल आलं की पोरं आधी भाषांतरच मागायची.

आणि सगळ्यात महागडी गोष्ट, रुग्णाला तिथून हलवणं. एअर ॲम्ब्युलन्सनं बँकॉकला न्यायचं तर विमानतळ, उड्डाणाची परवानगी, रस्त्यावरचे चेकपोस्ट, सगळं लष्कराच्या हातात. परवानगीला चार दिवस लागले आणि तेवढ्यात काही बरंवाईट झालं तर तो मृत्यू आजारपणाचा की 'अप्रत्यक्षपणे' लष्करी सत्तेचा? याला आम्ही प्रॉक्सिमेट कॉज म्हणतो, नुकसानीचं सर्वात जवळचं, खरं कारण. फोर्टातल्या एसी केबिनमध्ये बसून ते ठरवणारी बाई मी होते. मला माहीत आहे पेन कुठल्या बाजूला झुकतं ते.

सांताक्रूझला एस. व्ही. रोडवर विमा लोकपालांचं ऑफिस आहे. ५० लाखांपर्यंतची तक्रार नेता येते, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीनं अन्याय केला असेल तर जरूर जा. वाक्य संदिग्ध असेल तर त्याचा अर्थ ग्राहकाच्या बाजूनं लावायचा हा कायद्यातला जुना नियम आहे. पण वाक्य स्वच्छ असेल तर लोकपाल तरी काय करणार?

टूरवाल्या मुलाचा दुसरा मुद्दा होता की आपल्या परराष्ट्र मंत्रालयानं मंडालेला जाऊ नका असं म्हटलेलं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राखाइन प्रांतासाठी तसं स्पष्ट सांगितलं होतं, तिथले लँडलाइन फोनसुद्धा बंद पडले होते. राखाइन वेगळं, मंडाले वेगळं, हे मान्य. पण जिथं फेसबुकच २०२१ पासून बंद आहे (ही पोस्ट तिथं उघडणार नाही), तिथून विमा कंपनीच्या चोवीस तास हेल्पलाइनला फोन लावायचा आहे हे लक्षात घ्या.

जावं की जाऊ नये, याचा दुसरा भागही आहे. तो मी थोडक्यात सांगते, कारण त्यावर माझं मत पक्कं असलं तरी मी काही संत नाही. लष्करी सरकारनं १९९६ हे 'व्हिजिट म्यानमार' वर्ष जाहीर केलं तेव्हा सू ची यांनी पर्यटकांना येऊ नका असं सांगितलं होतं. २०१० मध्ये त्यांच्या पक्षानं ते सैल केलं: ग्रुपनं नको, एकेकट्यानं या, सामान्य माणसाच्या गेस्ट हाउसात उतरा. आज व्हिसाची फी कुणाकडे जाते, किल्ल्याच्या दारावर कोण उभं असतं? मंडालेच्या राजवाड्याचं आवार ही लष्कराची छावणी आहे. परदेशी माणसाला पूर्वेच्या दारानंच आत घेतात आणि ठरलेल्या वाटेबाहेर जाऊ देत नाहीत. राजद्रोहाखाली शिक्षा झालेल्या माणसाच्या तुरुंगाचं दर्शन घ्यायला शिपायाकडे ओळखपत्र द्यायचं. अण्णांना हे सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, 'टिळकांना तरी तिथं जायचं की नाही हे कुठे निवडायला मिळालं होतं?'

या सगळ्यात ज्यांच्याकडे पत्रकही नसतं त्यांचं तर कुणी बोलतच नाही. बँकॉकमध्ये डेटा एन्ट्रीची नोकरी म्हणून नेलेली आणि सीमेपलीकडे म्यानमारमधल्या म्यावाडीच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबलेली आपली पोरं. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या दोन विमानांनी अशा ५४९ जणांना थायलंडमधून परत आणलं. त्यांच्यातल्या कुणाकुणाकडे दोन-तीनशे रुपयांचा ट्रॅव्हल इन्शुरन्ससुद्धा असेल.

शेवटी आम्ही रत्नागिरीला गेलो. अण्णांची मनधरणी म्हणून नव्हे, त्यांनीच सुचवलं. टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर बघितलं, मग थिबा पॅलेस. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडालेहून उचलून आणलेला ब्रह्मदेशाचा राजा थिबा शेवटी १९१६ मध्ये इथंच वारला. मंडालेचा माणूस इथं, इथला मंडालेला. अण्णा व्हरांड्यातून खाडीकडे बघत म्हणाले, 'इंग्रजांनी अदलाबदल बरोबर साधली होती.' मग पावस गावात जेवलो, आंबे अजून यायचे होते.

टूरवाल्यांनी आगाऊ भरलेल्या रकमेतून १२,००० कापून बाकी परत दिले. पावतीवर कारण लिहिलंय, 'ग्राहकाची वैयक्तिक अडचण'. मी फोन करून विचारलं, बाकीच्या मंडळींना मागचं पान वाचायला दिलंत का? तो मुलगा खरंच प्रामाणिकपणे म्हणाला, 'मॅडम, सोळा जण आहेत. सगळ्यांनी एकच विचारलं, जेवणात कांदा-लसूण असेल का.'