तळमजल्यावरचा भांडवलदार आणि सातव्या मजल्यावरचा कॉम्रेड

तुम्हाला जगातल्या सगळ्या राजकीय-आर्थिक व्यवस्थांची तुलना करायचीय ना, मग त्याला अर्थशास्त्राची डिग्री वगैरे काही लागत नाही, सोसायटीची मीटिंग लागते. आमची नवी मुंबईत नेरूळला असते, रविवारी सकाळी दहाला, स्टिल्ट पार्किंगमधल्या दोन गाड्या बाहेर काढून. दहाला कोरम कधीच होत नाही, मग नियमाप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब, आणि त्या अर्ध्या तासात हातात कटिंग असलेला माणूस करणार काय, तर भांडवलशाही बरी की समाजवाद बरा हे एकदाचं ठरवून टाकणार. मी गेली नऊ वर्षं हे ठरताना बघतोय. त्या अनुभवावर काही गोष्टी सांगतो, फुकट. सल्ला ऐकूनही वाद हरलात तर त्या दिवशीचा चहा माझ्याकडून, म्हणजे सोसायटीच्या खात्यातून.

पहिली गोष्ट, आपली व्यवस्था कायम पुस्तकातली घ्यायची आणि समोरच्याची इतिहासातली. समोरचा जरा डावीकडे झुकतोय असं वाटलं की लगेच १९३२-३३ चा युक्रेनमधला दुष्काळ काढा, तो सावरायच्या आत १९५९ ते ६१ चा चीनमधला काढा, आणि त्याने विचारलंच की बाबा तुझं काय, तर स्पर्धा, स्वातंत्र्य, कष्टाचं फळ असे गुळगुळीत शब्द. तुम्ही स्वतः डावे असाल तरी काळजी नको, १९२९ ची महामंदी आहे, इंग्लंडच्या कापड गिरण्यांमध्ये राबणारी आठ-नऊ वर्षांची पोरं आहेत, २००८ ला फायदा मालकांचा आणि तोटा सरकारचा करून बसलेल्या अमेरिकन बँका आहेत, आणि स्वतःच्या बाजूने म्हणायला 'प्रत्येकाकडून कुवतीप्रमाणे, प्रत्येकाला गरजेप्रमाणे' आहेच. स्थळ बघताना आपण आपल्या मुलाचा बायोडेटा दाखवतो आणि मुलीची चौकशी मात्र तिच्या शेजाऱ्यांकडे करतो ना, अगदी तसंच. पुस्तकासमोर पुस्तक आणि देशासमोर देश चुकूनही ठेवू नका, त्यात दोघांनाही थोडं थोडं कबूल करावं लागतं आणि मग उरलेली वीस मिनिटं बोलायचं कशावर?

आता समजा तुम्ही दिलेलं उदाहरण तुमच्यावरच उलटलं. होतं असं. तेव्हा वाशीच्या फळबाजारातला आंबेवाला आठवा. पेटी घरी नेली, आंबा आंबट निघाला, भांडायला गेलात, तर तो शांतपणे काय म्हणतो? 'साहेब, तो देवगड नव्हताच, कर्नाटकचा होता.' पेटीवर देवगड लिहिलेलं असतं, पैसे देवगडचे घेतलेले असतात, तरी तो देवगड नव्हताच! सोव्हिएत युनियन कोसळला? तो खरा समाजवाद नव्हताच. चार उद्योगपतींनी मिळून बाजार खाल्ला? ते खरं फ्री मार्केट नव्हतंच, ती दलाली. या युक्तीत हरायची सोयच नाही, कारण खरा देवगड आजवर कुणी चाखलेलाच नसतो.

वाशीचा विषय निघालाच आहे तर अ‍ॅडम स्मिथही उरकून घेऊ. त्याचा १७७६ चा ग्रंथ न वाचता त्यातला 'अदृश्य हात', म्हणजे कुणी न ठरवता बाजार आपोआप जुळवणारा, तेवढा वापरायचा असतो, सगळे तेच करतात, एवढ्या जाड पुस्तकात तो बिचारा हात एकदाच येतो. प्रत्यक्ष बघायचा असेल तर आंब्याच्या सीझनला मार्केटमध्ये जुन्या पद्धतीचा सौदा बघा, दोघांचे हात रुमालाखाली, बोटं दाबून भाव ठरतो, बाजूला उभ्या शेतकऱ्याला काही म्हणजे काही दिसत नाही. अदृश्य म्हणजे अजून काय असतं! आणि या मुक्त बाजारात व्यापाऱ्याला सरकारी लायसन्स, बाजार समिती कायद्याने बनलेली, आणि पेटी उचलणारा माथाडी १९६९ च्या कायद्याखाली बोर्डात नोंदलेला, म्हणजे एकाच कंपाउंडमध्ये स्मिथ, सरकार आणि युनियन तिघं एकाच टपरीवर चहा पितात. हे मात्र वादात सांगू नका, गोंधळ होतो. तसंच मुक्त व्यापाराच्या या महागुरूने १७७८ पासून कस्टम्स कमिशनरची सरकारी नोकरी धरली होती आणि मार्क्सला पैसे पाठवणारा एंगल्स मँचेस्टरच्या सूतगिरणीत पार्टनर होता, हेही आपल्यातच ठेवा. पोटापाण्याचं काय ते ज्याचं त्याने बघावं.

ठाण्याचा एक मित्र आहे माझा, त्याचं म्हणणं, बघ, १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली ती खाजगी कंपनीची, सरकारला जमलं असतं का? बरोबर आहे, कंपनी खाजगीच होती. फक्त तिच्या लंडनमधल्या भागधारकांना गुंतवलेल्या भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी सरकारची होती, रेल्वे चालो न चालो, आणि त्या हमीचा भार कुणाच्या साऱ्यावर तर इथल्या शेतकऱ्याच्या. धोका शून्य असलेला असला धाडसी उद्योजक व्हायला मीही तयार आहे. पण मित्राला हे सांगितलं की तो 'तू कम्युनिस्ट झालास' म्हणतो, वहिनी मिसळ आणते, आणि विषय बंद. भारत समाजवादी आहे की नाही यावर तर शब्दही वाया घालवू नका, १९७६ ला बेचाळिसाव्या दुरुस्तीने तो शब्द उद्देशिकेत आला आणि १९८९ पासून पक्ष नोंदवायचा तर प्रत्येक पक्षाला समाजवादावर निष्ठा आहे असं लिहून द्यावं लागतं, अगदी शेअर बाजारवाल्यांनी पक्ष काढला तरी. लिहून द्यायला आपलं काय जातं.

असो. साडेदहा वाजतात, कोरम लागत नाही आता, आणि खरा अभ्यास इथून सुरू होतो.

विषय क्रमांक तीन, लिफ्ट. अकरा दिवस बंद. मोटर आणि रोप धरून १,८०,००० चं कोटेशन, फ्लॅट तीस, प्रत्येकी ६,०००. तळमजल्यावरचे काका उठले. काका म्हणजे रबाळ्याच्या कंपनीत बावीस वर्षं युनियनमध्ये, गेट मीटिंगा गाजवलेल्या, घरात अजून लाल झेंड्यासोबतचा फोटो. काका म्हणाले, "मी या लिफ्टचं बटणसुद्धा दाबलेलं नाही. जो वापरेल तो भरेल. फुकट पोसायचा धंदा बंद करा." अ‍ॅडम स्मिथने टाळ्या वाजवल्या असत्या. त्यावर सातव्या मजल्यावरचा आयटीवाला, जो ग्रुपवर रोज सकाळी 'सबसिडी म्हणजे देशाला लागलेली कीड' टाइपचे फॉरवर्ड टाकतो, तो एकदम हळवा झाला. "काका, सोसायटी म्हणजे एक कुटुंब आहे. वरचे-खालचे असा भेद आपणच करायला लागलो तर कसं होणार?" आवाज खरंच भरून आला होता. लेनिनचा पुतळा कमी पडला तिथे.

दहा मिनिटांनी विषय क्रमांक चार. टेरेसवर मोबाइल टॉवर बसवायचा प्रस्ताव, वर्षाला २,४०,००० भाडं. म्हणजे प्रत्येकी ८,०००, मेंटेनन्समधून वजा. आता बघा हं. काका पुन्हा उठले, "टेरेस सगळ्यांची आहे, कुणाच्या बापाची नाही. समान वाटप!" आणि आयटीवाला, त्याच खुर्चीवरून, तोच चहा अजून संपलेला नाही, "एक मिनिट काका, टॉवर कुणाच्या डोक्यावर येणार? लीकेज कुणाच्या छताला? रिस्क आमची, मग रिटर्न पण रिस्कप्रमाणे हवा." दहा मिनिटांत दोघांनी क्रांती केली आणि उलटवलीसुद्धा, रक्ताचा थेंब नाही. एकालाही वाटलं नाही की आपण काही बदललो, आणि माझा तुम्हाला सल्ला हाच की तुम्हालाही तसं वाटू देऊ नका, चेहरा सरळ ठेवा, चिवडा घ्या.

सेक्रेटरी मॅडम शाळेत शिकवायच्या, त्यांच्याकडे पाठीला सेलोटेप लावलेलं उपविधींचं पुस्तक आहे. त्यांनी शांतपणे वाचून दाखवलं की लिफ्टच्या देखभाल-दुरुस्तीचा खर्च त्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांना समान, वापरा नाहीतर वापरू नका. पाण्याचे पैसे मात्र नळांच्या संख्येवर आणि आकारावर. सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीची शिल्लक, वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का, म्हणजे मोठ्या फ्लॅटला जास्त. आणि मत? वन बीएचके असो की थ्री, एका सभासदाला एकच. मी मनात हिशोब लावला, लिफ्ट साम्यवादी, नळ बाजारवादी, सिंकिंग फंड भांडवलाप्रमाणे, मतदान लोकशाहीचं, आणि मॅडम स्वतः सहा वर्षं बिनविरोध कारण दुसरं कुणी फॉर्मच भरत नाही, म्हणजे वर एकपक्षीय राजवट. एका मेंटेनन्स बिलात सगळं जग. मी स्वतः दुसऱ्या मजल्यावर. तीन वर्षांपूर्वी 'दुसऱ्या मजल्यापर्यंत निम्मेच पैसे घ्या' असं मी लेखी दिलं होतं, त्यानंतर गुडघा दुखायला लागला, तेव्हापासून मार्क्समध्ये बराच दम आहे असं वाटतं.

आता एक नाजूक सूचना. वाद चालू असताना आपल्या खुर्चीखाली बघू नका. 'प्रायव्हेट प्रॉपर्टी पवित्र आहे' असं ज्या जमिनीवर बसून म्हणायचं ती सिडकोची, म्हणजे १९७० ला स्थापन झालेल्या सरकारी कंपनीची, आणि सोसायटीकडे आहे ते साठ वर्षांचं लीज. फ्लॅट विकायचा तर ट्रान्सफर चार्जेस भरा, मग विका. आमचा आयटीवाला उठता-बसता सिंगापूरचं नाव घेतो, तिथे बघा कसं सगळं ओपन मार्केट. त्या सिंगापुरात सुमारे ऐंशी टक्के लोक सरकारने बांधलेल्या घरात राहतात, ९९ वर्षांच्या लीजवर. म्हणजे तो ऑलरेडी सिंगापूरलाच राहतोय, फक्त ३९ वर्षं कमी मिळालीयत.

आणि खुर्चीच्याही खाली गेलं की अजून पंचाईत. त्या दिवशी टेरेसच्या वॉटरप्रूफिंगचं कोटेशन द्यायला गावातला एक सप्लायर येऊन बसला होता, साठीचा, गळ्यात जाड चेन. सगळं ऐकून घेतलं त्याने. शेवटी म्हणाला, "आमचे आजाचे टायमाला इथं भातशेती होती. तवा कोनी इचारला नाय, कंची व्यवस्था पायजे." एकदम शांतता. ९५ गावांच्या जमिनी घेतल्या या शहरासाठी, भाव सरकारनेच ठरवला, ना बाजाराने ना शेतकऱ्याने, आणि शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या मागे ती गावं उठली तेव्हा जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात गोळीबार झाला, पाच जण गेले. त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं धोरण आलं. ते समाजवादात धरायचं की भांडवलशाहीत हे चहा पिणाऱ्यांपैकी कुणालाच सांगता आलं नाही. असा प्रसंग आला तर मोबाइल काढा आणि नेटवर्क आहे का बघा. आम्ही सगळ्यांनी तेच केलं. वॉटरप्रूफिंगचं कोटेशन मात्र त्याचंच पास झालं, इतर दोघांपेक्षा बारा हजार कमी होतं.

सभा संपली साडेबाराला. लिफ्टचे सहा-सहा हजार मंजूर, टॉवर पुढच्या मीटिंगला. खुर्च्या उचलायला वॉचमन आला, बारा तासांची ड्युटी, सभासद नाही त्यामुळे मत नाही, तो सगळा वेळ गेटला उभा राहून ऐकत होता. आयटीवाल्याने त्याला पाण्याचा वीस लिटरचा जार दाखवला, "जरा सातव्यावर सोड ना," आणि वीसची नोट काढली. वॉचमनने जिन्याकडे बघितलं, जारकडे बघितलं, म्हणाला, "पचास होगा साहब."

काका गेटपाशी थांबून गालातल्या गालात हसत होते. आयटीवाला चक्क दुखावला, "अरे, सोसायटी पगार देते ना तुला?"

जार तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. संध्याकाळी सातला तिथेच होता, लँडिंगवर, चपलांच्या स्टँडशेजारी. मी दुसऱ्यावर राहतो, त्यामुळे पुढचं मला माहीत नाही.