खुलासा : विमानाचा वेग कमी केला की ड्रॅग (विमानाला मागे ओढणारा हवेचा विरोध) कमीच होतो, हे खरे नाही

‘वेग निम्मा केला की ड्रॅग पाव होतो’ असा संदेश सध्या फिरतो आहे. ते अर्धेच खरे आहे, आणि उरलेला अर्धा भाग जिवावर बेतू शकतो.

हवेच्या घर्षणाचा आणि आकाराचा ड्रॅग वेगाच्या वर्गाप्रमाणे घटतो, हे बरोबर. पण वजन तेवढेच असते. ते हळू वेगात पेलायचे तर नाक वर करून पंखाचा हवेशी कोन वाढवावा लागतो. मग टोकांशी खालची जास्त दाबाची हवा वर वळते, भोवरे जोर धरतात आणि लिफ्टमुळे (विमानाला वर उचलणाऱ्या बलामुळे) येणारा ड्रॅग वाढतो. वेग निम्मा, तर हा चौपट!

दोन्ही ड्रॅग समान होतात तिथे एकूण ड्रॅग सर्वांत कमी. पूर्ण वजनाच्या सेस्ना १७२एस या छोट्या एक-इंजिनी विमानासाठी तो वेग साधारण 68 नॉट (1 नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किमी). 50 नॉटला एकूण ड्रॅग सुमारे 20 टक्के जास्त भरतो.

म्हणून इंजिन बंद पडल्यावर धावपट्टी गाठण्यासाठी नाक वर ओढू नका. विमान आणखी कमी अंतर कापून खाली येते, वर स्टॉलचा (पंखाची लिफ्ट अचानक घटण्याचा) धोका. फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा) न उघडता या विमानात 68 नॉट धरा; वजन कमी असेल तर थोडा कमी वेग.