स्मरणिकेत या बायका कुठे आहेत?

माझ्या सासूबाई मे महिन्यात प्रभूघरी गेल्या. अंत्यविधीच्या उपासनेत जो तो एकच सांगत होता, 'मंडळीची (म्हणजे आमच्या चर्चची) एवढी सेवा केली, पण संसारही नीट सांभाळला.' सगळे प्रेमानेच बोलत होते, तरी तेव्हापासून ते वाक्य मला खटकतंय. जणू दोन निराळ्या बायकांची कामं एकीने ओढून नेली! पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, निवृत्त होतात तेव्हा इतकी वर्षं त्यांच्या घरचं कोणी बघितलं, हे व्यासपीठावरून कोणी विचारत नाही. बाईच्या सेवेचा विषय निघाला की मात्र आधी तिच्या घराचा हिशेब मांडला जातो.

आईंचा (मी त्यांना आईच म्हणायची) हिशेब मी जवळून पाहिला आहे. शाळेची जुनी वही आडवी धरून त्यात त्या प्रार्थनेचे विषय लिहीत. एकाच पानावर वर मेडिकल हॉस्पिटलमध्ये भरती असलेल्या एका बाईचं पायाचं ऑपरेशन, त्याखाली धाकट्याचा गणिताचा पेपर, मग बाजूच्या गल्लीतल्या एका मुलाची दारू सुटावी म्हणून विनंती, आणि खाली 'गॅस संपत आला'. ओळी सगळ्या सारख्याच अक्षरात. पहाटे उठून त्या हे पान वाचत आणि प्रार्थना करत, गॅससकट. त्यांच्या लेखी देवाचं काम आणि घरचं काम अशा दोन वह्या नव्हत्याच.

संध्याकाळी घरसभेला, म्हणजे कुणाच्या तरी घरी भरणाऱ्या प्रार्थनेला, निघायचं असलं की मला म्हणत, 'पोळ्या टाकून येतो मी, तोवर तू बायबलातलं वचन काढून ठेवजो.' हातात कापडी पिशवी, तीत बायबल, गीतपुस्तक आणि कुणासाठी तरी बांधलेला डबा. नागपूरच्या मे महिन्यात डोक्यावर ओला रुमाल टाकून त्या आजारी माणसाला भेटून येत. आमचे सासरे रेल्वेत होते. घरी असले की वरणभाताचा कुकर ते लावत आणि त्याचा गवगवा कधी केला नाही. माझ्या नवऱ्याला मी एकदा स्पष्टच विचारलं, लहानपणी आई हवी होती तेव्हा ती बाहेर असायची, याचा राग नाही आला का? तो म्हणाला, कधीकधी यायचा. थंड झालेलं जेवायला लागायचं, आणि घरात कायम कोणी ना कोणी रडत बसलेलं असायचं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण अशा बाईला त्यागाची मूर्ती करून टाकायची आपल्याला फार घाई असते. मूर्ती केली की तिच्या कामाची नोंद घ्यायची गरज उरत नाही.

नागपुरात ख्रिस्ती इतिहासाबद्दल कोणालाही विचारा, पहिलं नाव स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचं येईल. 1845 मध्ये ते इथे आले, 1863 मध्ये पाण्यात बुडून वारले, 1883 मध्ये त्यांच्या नावाचं कॉलेज निघालं. तो मान त्यांचा आहेच. पण जिथे परक्या पुरुषाला ओसरीपलीकडे पाय टाकता येत नव्हता, तिथे माजघरात बसून बायकांना वचन वाचून दाखवणाऱ्या, अक्षरं गिरवायला शिकवणाऱ्या मराठी बायबल बायका होत्या. त्यातल्या किती जणींची नावं आपल्याला सांगता येतील?

पंडिता रमाबाईंचं नाव राहिलं, कारण त्यांनी स्वतः लिहिलं आणि छापलं. हिब्रू-ग्रीकवरून त्यांनी केलेलं मराठी बायबल त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, 1924 मध्ये, केडगावच्या त्यांच्याच मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडलं. छपाईच्या कामात तिथल्याच बायका-मुली होत्या. लेक मनोरमा जिवंत असेपर्यंत आईच्या कामात सोबत राहिली. यात घर कुठे संपलं आणि सेवा कुठे सुरू झाली, ते दाखवा बरं!

29 नोव्हेंबर 1970 ला आपल्याच नागपुरात, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलला वेगवेगळ्या पंथांची सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. आई त्या सुमारास लग्न होऊन इथे आल्या होत्या. मंडळीच्या इतिहासात ही तारीख दरवेळी येते, यायलाच हवी. पण एकत्र आलेली माणसं पुढे खरोखर एक कशी झाली, हे मला आईंच्या तोंडूनच कळलं. या मंडळीतल्या बायका त्या मंडळीतल्या बाळंतिणीला तेल लावायला जायच्या. एकमेकींची गाणी शिकायच्या, नाताळच्या करंज्या एका घरी बसून तळायच्या. ठराव मोठ्या माणसांनी केला, तो घराघरांत या बायकांनी नेला.

मागे एका मंडळीची स्मरणिका हातात आली. सगळ्या पाळकांचे फोटो, त्यांची कारकीर्द, मग खजिनदार, सचिव. महिला मंडळाचा एकच समूहफोटो, खाली नावं नाहीत. मागच्या रांगेत आई उभ्या आहेत, म्हणून तो मला ओळखू आला.

बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात दुर्कस नावाची शिष्या मरण पावते. प्रेषित पेत्र तिच्या गावी, यापोला, पोचतो तेव्हा विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहतात आणि तिने शिवलेले अंगरखे, वस्त्रं त्याला दाखवतात. त्या कपड्यांवरून तिची सेवा शास्त्रात नोंदली गेली. प्रेषित पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पत्र लिहितो तेव्हा तीमथ्याच्या विश्वासाचा माग आजी लोईस आणि आई युनीके यांच्यापर्यंत नेतो, नावं घेऊन. शास्त्राने नावं घेतली, आणि आपण समूहफोटोवर भागवतो.

म्हणून मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीच्या सगळ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी, जागतिक महिला प्रार्थना दिनाला, बायकांना फक्त वचन वाचायला उभं करू नका. ज्यांनी संडे स्कूल चालवलं, घरसभा घेतल्या, मयताच्या घरी रात्र काढली, त्यांना बोलू द्या आणि ते लिहून ठेवा. वर्षानुवर्षं बिनपगारी राबलेल्या ज्या बाईला आज औषधाला पैसे पुरत नाहीत, तिच्यासाठी मंडळीच्या अंदाजपत्रकात एक ओळ घाला. 'प्रभू तिला प्रतिफळ देईल' हे खरंच आहे, पण केमिस्टचं बिल आपण द्यायचं आहे.

स्मरणिकेतल्या त्या फोटोतल्या निम्म्याहून जास्त बायका आता नाहीत. ज्या आहेत त्या मोहननगर, मेकोसाबाग, अजनी भागात आपापल्या घरी आहेत, ऐकू कमी येतं पण आठवण पक्की आहे. मी आणि माझी नणंद त्यांच्याकडे जाऊन लिहून घेणार आहोत. तुमच्या घरात अशी आई, आजी, आत्या असेल तर मला मेसेज करा. रविवारी उपासनेनंतर आम्ही येतो, फक्त त्यांचे जुने फोटो काढून ठेवा.