मनाने सुंदर असणाऱ्यांसाठी काही सूचना

आपले मन फार सुंदर आहे असे अलीकडे कोणी आपल्याला सांगितले असेल, तर आधी आरशात पाहून घ्यावे. रूपवान माणसाला त्याच्या मनाविषयी काही कळवण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. ते प्रशस्तिपत्र ज्यांना नकार द्यायचा आहे त्यांच्यासाठीच राखून ठेवलेले असते. "मुलगी गुणी आहे हो, मनाने तर लाखात एक," एवढे बोलून मध्यस्थ काकूंनी चहाचा कप खाली ठेवला, की पाहुण्यांची गाडी कोल्हापूरच्या वाटेला लागली असे समजावे.

तेव्हा आपण दिसायला बरे नाही असे वाटणे ही आपली खासगी अडचण मानू नये. ते सामाजिक कर्तव्य आहे आणि त्यावर पुष्कळांची पोटे चालतात. आरंभ बायोडेटापासून करावा. रास, नाडी, देवक आणि शिक्षण यांच्या ओळीत रंगाचाही रकाना असतो. तेथे 'सावळा' असे खरे लिहिण्याचा अविचार करू नये. 'गव्हाळ' चालेल, 'निमगोरा' अधिक शोभेल. खानापूरकडे चिखलात भाताची रोपे लावून किंवा निपाणीच्या तंबाखूच्या रानात राबून जो रंग अंगावर चढतो, त्याला या कागदावर जागा नाही. त्याच रानाचे एकर मात्र 'स्थावर' या सदरात अवश्य नोंदवावेत.

पुढे फोटो. बेळगावच्या शहापुरातून नवी साडी आणावी, ती नेसून स्टुडिओत जावे आणि छायाचित्रकारावर विश्वास ठेवावा. चेहरा उजळ करू का, असे तो विचारत नाही, न सांगता करून देतो. घाईत त्याच्याकडून कानाच्या पाळ्या आणि पदर धरलेली बोटे तेवढी राहून जातात, त्यामुळे एकाच फोटोत तोंड धाकट्या बहिणीचे आणि हात थोरलीचे दिसतात. पाहुण्यांच्या हे लक्षात येते, पण ते बोलत नाहीत, कारण त्यांच्या स्वतःच्या मुलीचेही हात त्यांनी फोटोत असेच पाहिलेले असतात.

फोटोइतके उजळ प्रत्यक्षात दिसण्यासाठी औषधे आहेतच. १९७५ साली बाजारात आलेल्या फेअर अँड लव्हलीने दोन पिढ्यांना आशेवर ठेवले. २०२० साली तिच्या नावातला गोरेपणा काढून ती ग्लो अँड लव्हली झाली, ट्यूब मात्र फळीवर होती तेथेच राहिली. (नाव बदलले म्हणजे काय बदलते आणि काय बदलत नाही, हे २०१४ साली गावाचे बेळगावी झालेल्या बेळगावकरांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.) त्याहून उतावळ्यांनी ओळखीच्या दुकानातून स्टेरॉइडची ट्यूब आणावी. अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम सरकारने २०१८ साली केला, पण आपल्या गोरेपणापुढे नियमाची काय मातब्बरी! काही आठवडे चेहरा खरोखरच उजळतो. मग कातडी पातळ होते, खालच्या लाल शिरा दिसू लागतात, पुरळ उठते, ओठांवर लव वाढते आणि मलम थांबवताच सगळा चेहरा भाजल्यासारखा आग करतो. त्या वेळी तोंडावर पदर घेऊन बसावे. ऊन लागत नसल्याने रंग टिकतो.

रंग तयार करणाऱ्या पेशी गोऱ्याच्या आणि काळ्याच्या कातडीत जवळपास सारख्याच असतात, त्या कमीअधिक आणि निराळे मेलॅनिन बनवतात एवढाच फरक असतो, आणि हेच मेलॅनिन उन्हापासून कातडीचे रक्षण करते, असली माहिती कोणी देऊ लागल्यास विषय बदलावा. काळेपणाला किंमत फक्त दगडाच्या बाबतीत द्यावी. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिरात काळ्या पाषाणातल्या नेमिनाथांपुढे उभे राहून 'काय तेज आहे' असे अवश्य म्हणावे, पंढरीच्या सावळ्या रूपाला डोळे भरून पाहावे आणि घरी परतताच दारात खेळणाऱ्या नातीला हाक मारावी, "उन्हात हिंडू नको गं, काळी पडशील." बेळगावच्या कुंदा या मिठाईचाही विषय काढू नये. पांढरेशुभ्र दूध तासन्‌तास आटवून तपकिरी होईपर्यंत परतल्याशिवाय ज्या गावाला त्यात चव लागत नाही, त्याच गावाने सुनेचा रंग दुधासारखा मागावा, हे उगाच कोणाच्या तरी ध्यानात यायचे.

पुरुषांना फारशा सूचनांची गरज नाही. टक्कल असेल तर फेटा बांधून फोटो काढावा. उंचीची चिंता करू नये. सरकारी नोकरीत माणूस आपोआप उंच दिसतो.

एवढे करूनही आपल्याला मनाच्या सौंदर्याचेच प्रशस्तिपत्र मिळत राहिले, तर रागावू नये, ते जपून ठेवावे. पुढे कधीतरी आपल्याही मुलासाठी स्थळे पाहण्याची वेळ येईल. सोफ्यावर मधोमध बसावे, पोह्यांची ताटली हातात घ्यावी, मुलगी ट्रे ठेवायला वाकली की आधी तिचे मनगट पाहावे आणि मग चेहरा, कारण पावडर मनगटापर्यंत पोहोचत नाही. मनाविषयीचे प्रश्न निघता निघता, चपला घालताना विचारावेत.