ज्येष्ठ मतदारांच्या मेळाव्याला जाताना

निवडणुकीचे वारे वाहू लागले की नाशिकमधील साठी उलटलेल्या माणसांच्या प्रकृतीची चौकशी करायला अनोळखी मंडळी दारापर्यंत येऊ लागतात. आपल्यालाही ‘ज्येष्ठ मतदार स्नेहमेळाव्या’चे निमंत्रण आले असेल, तर अवश्य जावे, मात्र काही पथ्ये पाळावीत.

पत्रिकेवर चारची वेळ असेल, तर चारलाच पोहोचावे, कारण प्रमुख पाहुणे सहाला येतात आणि तोवर सभागृह भरलेले दिसण्याची जबाबदारी आपलीच असते. २०२४ च्या लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांत पंच्याऐंशी वर्षांवरील मतदारांना घरबसल्या मत देण्याची सोय होती. मेळावा मात्र गंगापूर रोडवरील एखाद्या मंगल कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर असतो, तेव्हा गुडघ्यांना आदल्या रात्रीच कल्पना देऊन ठेवावी. कोपऱ्यातल्या टेबलावर रक्तदाब मोफत तपासतात. तो भाषणांपूर्वीच तपासून घेतलेला बरा.

सत्काराच्या वेळी उमेदवार पायाशी वाकला, तर संकोचाने ‘असू दे, असू दे’ म्हणत त्याला लगेच उठवू नये. छायाचित्रकाराला कोन साधेपर्यंत पाय स्थिर ठेवावेत, आणि त्याने उमेदवाराला पुन्हा वाकायला सांगितले, तर आशीर्वादही पुन्हा द्यावा. पहिला छायाचित्रात आलेला नसल्यामुळे तो धरला जात नाही.

सर्वांत कडक पथ्य प्रश्नांचे. आपण सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झाला असाल, तर भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतले किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ पासून दरमहा १,००० रुपयांवरच का थांबले आहे, असे विचारण्याची ऊर्मी येईल. ती दाबावी, कारण तो केंद्राचा विषय असतो. रेल्वेच्या तिकिटात पुरुषांना ४० आणि स्त्रियांना ५० टक्के मिळणारी सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती परत कधी मिळणार, हाही केंद्राचाच विषय. मग निदान घरासमोरच्या उखडलेल्या पदपथाचे विचारावे, तर महापालिकेतील नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे कित्येक वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती होता, त्यामुळे तो प्रशासकाचा विषय ठरतो. सिंहस्थ २०२७ मध्ये असल्याने शहरातील उरलेसुरले सर्व प्रश्न सिंहस्थाच्या कामांत सुटणार असतात. अशा रीतीने वक्त्याच्या अखत्यारीत फक्त शाल आणि नारळ उरतात, आणि ते तो हातचे काही न राखता देतो, हे मान्य करायला हवे.

पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे, हे प्रत्येक वक्ता स्वतंत्रपणे सांगेल. दर वेळी नव्याने टाळ्या वाजवाव्यात. त्यानंतर तीर्थयात्रेचे आश्वासन येते. ज्या पंचवटीत अवघा देश स्नानाला येतो, तिथल्याच रहिवाशांना देवदर्शनासाठी गावाबाहेर नेण्याचा हा संकल्प ऐकताना चेहरा भाविक ठेवावा. (मागच्या रांगेतल्या एका आजींनी ‘आधी रामकुंडापर्यंत धड चालता येऊ द्या’ असे म्हटल्याचे मी स्वतः ऐकले आहे, त्यांना पुढच्या मेळाव्याचे निमंत्रण गेले नाही.)

चहा-चिवडा आभारप्रदर्शनानंतरच मिळतो, हे मधुमेही मंडळींनी ध्यानात ठेवून खिशात काहीतरी बाळगावे. आभाराची यादी मंडपवाल्यापासून सुरू होते.

निघताना आणखी एक. आपल्याला घरून न्यायला गाडी आली होती. परत पोहोचवायलाही ती येईल, असे निमंत्रणात कुठेही लिहिलेले नव्हते, ते नीट वाचून पाहावे आणि नारळ सांभाळत सिटीलिंकच्या थांब्याकडे चालू लागावे. बस वेळेवर येतेच असे नाही आणि हिवाळ्यात नाशिकला रात्री आठनंतर गारठा चांगलाच झोंबतो, त्या वेळी शाल उपयोगी पडते.