गाऊनचा घोळ

लग्नात मामाची कामं ठरलेली. गौरीहरापुढे बसायला भाचीला पिवळी अष्टपुत्री आणायची आणि मुहूर्ताला तिला दंडाला धरून अंतरपाटापर्यंत आणून उभं करायचं. अष्टपुत्री मी दादरला सात मिनिटांत घेतली. दुकानदाराने "काठ हिरवा की लाल?" एवढंच विचारलं आणि त्याचंही उत्तर बायकोने दिलं. जबाबदारी संपली म्हणून मी खुशीत पीयूष प्यायलो, डोंबिवलीची गाडी पकडली आणि दिवा यायच्या आत ताईचा फोन आला.

"अरे, रिसेप्शनला ती गाऊन घालतेय. ट्रेल धरायला माणूस हवाय. करवल्यांना हिल्स आहेत. तू धरशील ना?"

गाडीतल्या गोंगाटात मला 'ट्रेन' ऐकू आलं. म्हटलं, "धरेन की. कितीची आहे?"

"आठ फुटांची," ताई म्हणाली.

ट्रेल म्हणजे गाऊनचं मागे जमिनीवर लोळणारं शेपूट. गंमत अशी की इंग्रजीत त्याला खरोखरच ट्रेन म्हणतात. ट्रेल हा आपल्याकडे रुळलेला शब्द. म्हणजे चुकून का होईना, मी बरोबर ऐकलं होतं. गाऊन अजून घ्यायचाच होता. शेपटाची लांबी तेवढी पक्की झाली होती.

पहिली फेरी वांद्र्याकडच्या एका डिझायनर बुटिकात. तिथे आत जायला आधी वेळ घ्यावी लागते, डॉक्टरकडे घेतात तशी. काकडीच्या चकत्या घातलेलं पाणी दिलं. चार गाऊन दाखवले. किंमत तोंडाने कुणी सांगितली नाही. कॅल्क्युलेटरवर टाइप करून तो आमच्याकडे वळवला. भाऊजींनी चष्मा पुसला. आकडा तोच राहिला. "एवढ्यात येवल्याला जाऊन हातमागावरची पैठणी येईल गं," ते म्हणाले, "आणि वर तुझ्या आईलाही एक."

"बाबा, पैठणी सकाळी आहेच," भाची म्हणाली. मुद्दा संपला.

मग रंगाचा प्रश्न आला. तिला पांढरा हवा होता. ताई म्हणाली, "पांढरं अजिबात नको, लग्नघर आहे." त्यावर भाचीने आम्हाला इतिहास शिकवला. पूर्वी तिकडेही नवऱ्या मुली आपल्या ऐपतीप्रमाणे रंगीत कपड्यांत लग्न लावत. 1840 मध्ये राणी व्हिक्टोरिया पांढऱ्या गाऊनमध्ये लग्नाला उभी राहिली आणि मग हळूहळू सगळ्यांनी तेच उचललं.

"तिचं काय," ताई म्हणाली, "ती राणी. तिला कोण बोलणार? आपल्याकडे आत्याबाई आहेत."

शेवटी 'शॅम्पेन' नावाच्या रंगावर तह झाला. हा रंग मी घरी येऊन ओळखला. दुधावरच्या सायीत चमचाभर चहा सांडला की येतो तो.

गाऊन शिवला मात्र उल्हासनगरला. कल्याणच्या पुढे विठ्ठलवाडी, मग उल्हासनगर. लग्नाचे लेहंगे घ्यायला कुठून कुठून माणसं तिथे येतात. मास्तरांनी मोबाइलवरचा फोटो दोन बोटांनी मोठा केला, मान हलवली आणि "डिट्टो बनवून देतो" म्हणाले. बुटिकात ऐकलेल्या आकड्यातलं एक शून्य त्यांनी जागच्या जागी उडवलं. भाऊजींनी तिथे पहिल्यांदा चहा मागितला.

ट्रायलच्या तीन खेपा झाल्या आणि तिन्हीला मी होतो, कारण गाडी माझी. या खेपांत मला दोन वस्तूंचं ज्ञान झालं. एक कॅनकॅन. हा कडक जाळीचा, थरावर थर असलेला परकर. मास्तरांनी तो जमिनीवर ठेवला तर आत कुणी नसताना उभा राहिला. दुसरी वस्तू कॉर्सेट. त्यात उभ्या पट्ट्या घातलेल्या असतात आणि पाठीमागे नाड्या असतात. मास्तरांच्या सहायक बाईंनी गुडघा टेकवून त्या आवळल्या. "दीदी, श्वास सोडा."

"सोडला," भाची म्हणाली. "आता घेऊ कधी?"

"फोटो झाल्यावर."

आठ फूट फार होतात असं मी घाबरत घाबरत सुचवून पाहिलं. तर भाचीने पुराव्यानिशी मला गप्प केलं. 1981 मध्ये डायनाच्या गाऊनचं शेपूट 25 फूट होतं. प्रियांका चोप्राने 2018 मध्ये जोधपूरला लग्नात घेतलेला व्हेल, म्हणजे डोक्यावरून मागे सोडलेली जाळीची ओढणी, 75 फूट. मी मनात हिशेब केला. हा व्हेल लोकलच्या डब्यात पसरला तर डबा संपून वर उरेल. आपल्यावर आठ फुटांतच भागलं म्हणून मी कुलदैवताला हात जोडले.

पण त्या 25 फुटांवरून मला आजी आठवली. नऊवारी म्हणजे नऊ वार, 27 फूट. डायनापेक्षा दोन फूट जास्तच. आजी तेवढं सगळं अंगाभोवती गुंडाळायची, कासोटा घालायची आणि विहिरीवरून दोन घागरी आणायची. मागे धरायला मामा लागला नाही. एवढं कापड, पण त्यातलं वीतभरही जमिनीला लागू न देण्याची ती विद्या आमच्या डोळ्यांदेखत गेली आणि आम्ही आता पैसे देऊन कापड लोळवतो आहोत. हे मी बोललो नाही. ताईच्या हातात तेव्हा टाचण्यांची डबी होती.

लग्नाच्या दिवशी गाऊन नेण्याचं काम ओघानेच माझ्याकडे आलं. डायनाला काचेची घोडागाडी होती, तरी उतरली तेव्हा गाऊन चुरगळलेलाच होता म्हणतात. माझी छोटी मारुती. मागच्या अख्ख्या सीटवर गाऊन बसला, त्याला सीटबेल्ट लावला आणि बायको रिक्षाने आली. त्याबद्दल ती अजून बोलते.

संध्याकाळी स्टेजवर जायची वेळ झाली. मी मागे ट्रेल उचलून सज्ज. सकाळी याच भाचीला मी अंतरपाटाशी आणून उभं केलं होतं तेव्हा भटजीसुद्धा मला "या मामा" म्हणाले होते. आता धूर सुटला, गाणं लागलं आणि फोटोग्राफर ओरडला, "काका, तुम्ही फ्रेममध्ये येताय! पसरा आणि पळा!" म्हणजे ट्रेल झटकायचा, अलगद जमिनीवर सोडायचा आणि तो खाली टेकायच्या आत वाकून खांबाआड पळायचं. हे मी सात वेळा केलं. पन्नाशीत, जोधपुरी कोट घालून.

पुढे आहेराची रांग लागली. रांगेतल्या पहिल्याच काकू, पाकीट हातात, थेट ट्रेलवर येऊन उभ्या राहिल्या. भाची मागे खेचली गेली. मी खांबाआडून कळवळून म्हटलं, "काकू, पाय!"

काकू प्रसन्न हसल्या. "अरे असू दे, असू दे," म्हणत त्यांनी पाय आणखी थोडा पुढे केला. आता माघार कशी घेणार? मी वाकलो, नमस्कार केला आणि त्या आशीर्वाद देत असताना एका हाताने त्यांच्या चपलेखालचा ट्रेल सोडवायला लागलो. "सुखी राहा. अजून आहेस कुठे, बँकेतच का?" बँकेतच म्हटलं. कापड निघेना. व्हीआरएसबद्दल थोडं बोलणं झालं, मग निघालं. त्या तासाभरात मी अशा अकरा जणांच्या पाया पडलो. त्यात नवरदेवाचा एक मित्रही होता. तो बिचारा गोंधळून माझ्याच पाया पडला.

अकराच्या सुमाराला ट्रेल गोळा केला तेव्हा त्यात गुलाबाच्या पाकळ्या, दोन टूथपिक, एक चमचा आणि कुणाच्या तरी मुलाचा मोजा निघाला. भाची जेवायच्या टेबलाशी उभी होती. कॅनकॅनमुळे खुर्चीत मावत नव्हती. ताटात अर्धा गुलाबजाम. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मामा, सकाळी पैठणीत मी पाच जिलब्या खाल्ल्या होत्या."

हनिमूनहून आल्यावर गाऊनचा खोका कुठे ठेवायचा यावर दोन्ही घरांत चर्चा झाली. त्यांचा वन बीएचके, ताईकडे माळाच नाही. खोका आमच्या माळ्यावर आला, गणपतीच्या मखराशेजारी. ऑगस्टमध्ये मखर काढताना दोन्ही एकदमच खाली आले. बायकोला या वर्षी कैलासाचा देखावा करायचा होता आणि ढगांसाठी कापूस पुरत नव्हता. तिने माझ्याकडे पाहिलं, मी खोक्याकडे.

भाची-जावई दर्शनाला आले. नमस्कार केला, मोदक घेतला. मग भाची मूर्तीमागच्या ढगांकडे बराच वेळ टक लावून बघत राहिली. मी प्रसादाच्या ताटलीत तोंड घातलं.

"मामी," ती म्हणाली, "याला एवढा छान फुगवा कसा आणलात? माझ्या रिसेप्शनला नाही आला."