"तुला जमत नाही" म्हणण्याआधी तिला वेग धरायला शिकवा

आज सकाळी मैदानावर एक बारा-तेरा वर्षांची मुलगी दुसऱ्या फेरीत बरगडीखाली हात दाबून थांबली. कडेला उभ्या असलेल्या वडिलांनी तिथल्या तिथे निकाल दिला, "बघ, तुला जमत नाही. चल घरी." ती गेली. मान खाली घालून. सकाळपासून ते डोक्यातून जात नाहीये.

तिला जमत नव्हतं असं नव्हतंच. तिने पहिले २०० मीटर जीव खाऊन मारले होते. मग श्वास उथळ झाला, कुशीत कळ आली. धावण्याआधीच्या दोन तासांत भरपेट खाल्लं असेल तर ती यायची शक्यता जास्त. उपाय दोन मिनिटांचा आहे: वेग कमी करायचा किंवा चालायचं, दुखतं तिथे बोटांनी दाबून किंचित पुढे वाकायचं, श्वास लांब आणि पूर्ण सोडायचा. कळ गेली की पुन्हा पळायचं. हे तिला कोणी सांगितलं असतं तर ती आज "कळ आली, मी घालवली आणि तिसरी फेरी पूर्ण केली" हे घेऊन घरी गेली असती. त्याऐवजी "मला जमत नाही" घेऊन गेली!

बायकांना झेपत नाही हे ठरवून टाकायची सवय जुनीच. १९२८च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटर शर्यत पहिल्यांदा झाली. जर्मनीच्या लीना राड्केने २ मिनिटं १६.८ सेकंदांत ती जिंकली, विश्वविक्रमासह. अंतिम फेरीत नऊ जणी होत्या आणि नऊच्या नऊ जणींनी शर्यत पूर्ण केली. तरी बायका धडाधड कोसळल्याच्या बातम्या रंगवल्या गेल्या, आणि ती शर्यत ऑलिंपिकमध्ये परत यायला १९६० उजाडलं. मॅरेथॉनला तर १९८४. दमलेला पुरुष शर्थ करणारा, दमलेली बाई नाजूक. आज मैदानावर वेगळं काय झालं?

आत्मविश्वास भाषणांनी येत नाही. "तू काहीही करू शकतेस" हे वाक्य मुलींना दिवसातून दहादा ऐकवलं तरी आतून काही हलत नाही, कारण ते तपासून बघता येत नाही. पळणं तपासता येतं. म्हणून सुरुवात अशी हवी: एक मिनिट हळू पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं आठ वेळा. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, नाहीतर वेग जास्त आहे. दोन आठवड्यांनी दोन मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं. घाईने अंतर वाढवलं की नडगीचं हाड दुखतं, मग महिनाभर सुट्टी, आणि ती परत येत नाही.

आणि मग खरी गंमत. तीन फेऱ्या नऊ मिनिटांत पळायच्या असतील तर पहिली फेरी तीन मिनिटांच्या आत आणायचीच नाही. घड्याळ मोठ्या माणसाकडे ठेवायचं आणि फेरी संपल्यावर मुलीने आधी आपला अंदाज सांगायचा. सुरुवातीला अर्ध्या मिनिटाने चुकतात. मग दहा सेकंदांनी. ज्या दिवशी अंदाज दोन-तीन सेकंदांत बसतो त्या दिवशी मुलीचा चेहरा बघा. आपलं शरीर आपल्याला काय सांगतंय ते कळतंय आणि ते खरं निघतंय, हे तिने स्वतः अनुभवलेलं असतं. अशा मुलीला "तुला जमत नाही" हे दुसऱ्या कोणी पटवून देणं अवघड असतं.

हो, सगळे प्रशिक्षक चांगले नसतात. वजनावरून टोमणे मारणारा माणूस वर्षाचं काम आठवड्यात मातीत घालतो. मान्य. मग प्रशिक्षक बदला, मुलीला का काढता?

त्या मुलीचं वय पुन्हा आठवतंय. नेमक्या याच वयात मुली गळतात. छाती आणि कंबर बदलते, उंची वाढते, पाय पूर्वीसारखे पडत नाहीत, धावण्याची वेळ वर्षभर सुधारत नाही किंवा आणखी वाढते. ही मुलगी आळशी झालेली नसते. तिला आधी हे सांगून ठेवा. नीट बसणारी स्पोर्ट्स ब्रा द्या: पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, खोल श्वास घेता यावा, उड्या मारून बघावं. पाळीची काळजी असेल तर गडद रंगाची शॉर्ट्स. विम्बल्डनलासुद्धा पांढऱ्या स्कर्टखाली गडद शॉर्ट्स घालू द्यायला २०२३ साल लागलं, तुम्ही तरी उशीर करू नका. विनाकारण दमत असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. आणि सलग तीन महिने पाळी आली नाही तर "खेळाडूंना होतं असं" म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांकडे न्या. अनेकदा खाणं कमी आणि सराव जास्त होत असतो.

उड्यांचे खेळ खेळणाऱ्या मुलींसाठी एक वेगळी गोष्ट. उडीवरून उतरताना गुडघे आत वळत असतील तर गुडघ्यातलं लिगामेंट (हाडं जोडणारा पट्टा) फाटायचा धोका मुलांपेक्षा त्यांना जास्त. वॉर्म-अपमध्ये आठवड्यातून दोन-तीनदा पंधरा मिनिटं उतरण्याचा सराव: गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत, आवाज न करता.

त्या वडिलांवर सकाळी संताप आला होता. आता लिहिता लिहिता थोडा निवळलाय. त्यांनाही बहुधा मुलीचा त्रास बघवला नसेल. पण त्रास बघवत नसेल तर पाणी घेऊन उभे राहा, निकाल देऊ नका. आणि घरी जाताना "कितवी आलीस?" ऐवजी "तिसऱ्या फेरीत काय केलंस?" एवढंच विचारा. ती घर येईपर्यंत बोलत राहील.